नऊ श्वास

त्या राज्यात अंधार उरला नव्हता. बिळात, ढोलीत, कपारीत, घरट्यात, जिथे म्हणून कोणी राहत होते तिथे एक उजेडखडा होता. हा खडा डोंगराच्या पोटात सापडे. आत असेपर्यंत तो नदीतल्या कुठल्याही दगडासारखा दिसे. बाहेरची हवा लागली की उजळे, दोन पावसाळे उजेड देई आणि मग विझून जाई. विझला की नवा लागे. राज्यात डोंगर एकच होता. सगळे राज्य त्याच्याच अंगाखांद्यावर वसलेले होते आणि दरबार अगदी माथ्यावर होता.

उजेडाला उगाच नावे ठेवू नयेत. खडे येण्याआधी काय होते ते म्हाताऱ्यांना विचारावे. साप दारात येऊन बसला तरी कळत नसे. पिल्लू संध्याकाळी बाहेर राहिले तर सकाळी ते सापडेलच याची खात्री नसे. खाणीने काहीच दिले नाही असे म्हणणारा एकतर खोटारडा, नाहीतर फारच सुखात वाढलेला. इथे तसे कोणी म्हणत नव्हते.

खणण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या घुशींचे. त्यांचा एक रिवाज होता आणि तो सगळ्या राजांहून जुना होता. नवी जागा खणण्याआधी जमिनीवर पंजाने तीन ठोके मारायचे, कान टेकवायचा आणि नऊ श्वास थांबायचे. आतून तीन ठोके परत आले तर ती जागा कोणाची तरी आहे. मग उकरलेली माती पुन्हा दाबून बसवायची आणि दुसरीकडे जायचे. उत्तर आले नाही तर खणायचे. उत्तर बहुधा साळिंदराचे असे, कधी घोरपडीचे. क्वचित एखाद्या अशा जागेवरूनही उत्तर येई, जिथे कोणी राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. तेव्हाही घुशी माती दाबून निघून जात. आत कोण आहे, हे विचारायची पद्धत नव्हती.

गवा राजा झाला तेव्हा खडे कमी पडू लागले होते. गवा वाईट राजा नव्हता. अंगाने भारी, स्वभावाने थंड, आणि समोरचा बोलत असताना मान डोलवायची त्याला सवय होती. बोलणारा तिला होकार समजून घरी जाई. त्याने खाणींचा कारभार भारद्वाजाकडे सोपवला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असे त्या राज्यात सगळेच मानत. सकाळी त्याच्या दर्शनाला रांग लागे. ज्याचे नुसते दर्शन शुभ, त्याला उलटा प्रश्न कोण विचारणार? भारद्वाजाने सहा महिन्यांत राज्याचे खनिज धोरण तयार केले आणि भर दरबारात वाचून दाखवले. पहिलेच कलम असे होते की, तीन ठोके आणि नऊ श्वास हा आपला पवित्र वारसा असून त्याला कोणीही धक्का लावणार नाही. ते ऐकून घुशींच्या डोळ्यांत पाणी आले. आपला रिवाज राज्याच्या कायद्यात बसला, याचा त्यांना फार अभिमान वाटला.

श्वास कोणाचे, ते कलमात नव्हते. ते मागाहून निघालेल्या नियमांत आले. आजवर घुशी आपलेच श्वास मोजत आल्या होत्या. पण ठोकणारीही घूस आणि मोजणारीही घूस हे न्यायाला धरून नाही, मोजणारा त्रयस्थ हवा, असे भारद्वाजाचे म्हणणे पडले. बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. म्हणून प्रत्येक खाणीच्या तोंडाशी एकेक चिचुंद्री नेमण्यात आली. आता चिचुंद्रीचे नऊ श्वास ते किती असणार? घुशीने पंजा उचलून कान टेकवायच्या आत ते संपलेले असत. "नऊ झाले. उत्तर नाही," असे चिचुंद्री सांगे. ती खोटे बोलत नव्हती. तिचे नऊ खरोखरच झालेले असत, आणि सरकारी नोकरीच्या धास्तीने ती बिचारी पहिल्यापेक्षाही जोरात धापा टाकत असे.

त्यानंतर राज्यातल्या एकाही जागेवरून उत्तर आले नाही. साळिंदर आपल्या घरात जेवायला बसलेले असे आणि भिंत फोडून घूस आत येई. तिला आत कोणी असेल हे ठाऊक नसायचेच असे नाही. ती मान खाली घालून म्हणे, "माफ करा, नियमानं ठोकलं होतं." साळिंदर म्हणे, "मी उत्तर देतच होतो." भिंत पडलेली असे ती असेच.

पाच वर्षांनी धोरणाचे मूल्यमापन करायचे ठरले. परीक्षक म्हणून तुराजी नावाच्या सुतारपक्ष्याला बोलावणे गेले. निवडीला नावे ठेवायला जागा नव्हती. बाहेरून ठोकून आतले सांगण्यात तुराजीचा हात धरणारा कोणी नव्हता आणि कोणाच्या फांदीवरचे फुकटचे फळ त्याने कधी खाल्ले नव्हते. आठवडाभर तो डोंगरावर चोचीने ठोकत फिरला, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. जिथे ठोकावे तिथे पोकळ वाजत होते. तुराजी हरखून गेला.

यात त्याचे तरी काय चुकले? सुतारपक्ष्याच्या जन्माला आलेल्याला पोकळ आवाजासारखे सुख नाही. भरीव झाड म्हणजे चोच दुखणार आणि उपाशी परतावे लागणार. पोकळ वाजले की आत अळ्या, पोकळ वाजले की पिल्लांना घर. त्याच्या आईने त्याला हेच शिकवले होते, तिच्या आईने तिला. त्यांच्यात मुलीसाठी स्थळ पाहायला जातात तेव्हा मुलाच्या झाडावर ठोकून बघतात आणि चांगले पोकळ वाजले तरच पुढची बोलणी होतात. म्हणून तुराजीने अगदी मनापासून लिहिले, "डोंगर आतून सर्वत्र पोकळ आहे. स्थिती उत्तम. आणखी पुष्कळ जागा होण्यासारखी आहे." इतका प्रामाणिक अहवाल त्या राज्यात आजवर कोणी दिला नसेल. भारद्वाजाने तो शिळेवर कोरून दरबारात लावला आणि त्याच्या आधारावर सातवे भुयार उघडले.

सातवे भुयार माथ्याच्या बरोबर खाली जात होते. जुन्या घुशींनी तिथे कधी खणले नव्हते, कारण तिथून दरवेळी उत्तर यायचे. या भुयाराचा मुकादम सटवा नावाचा घूस होता. हाताखाली बावीस जण. सटवा रिवाजाला इतका पक्का की, चिचुंद्रीने नऊ झाले म्हटल्यावरही तो आपले नऊ श्वास पुरे करूनच कान उचले. त्यापायी त्याला दोनदा ताकीद मिळाली होती. सातव्या भुयाराच्या तोंडाशी त्याला आतून ठोके ऐकू आले. त्याने ते वर कळवले. वरून निरोप आला की वेळ टळल्यावर आलेले उत्तर हे उत्तर नव्हे, आणि ज्याला काम नको असेल त्याने घरी बसावे. सटवाने दोन दिवस खणले नाही. तिसऱ्या दिवशी माती कपाळाला लावली आणि आत शिरला. तीन महिन्यांनी एका दुपारी भुयाराचे छत बसले, तेव्हा तेवीसच्या तेवीस जण आत होते.

दरबाराने दोन दिवस विचार केला. मेले म्हणावे तर धोरणात मेल्यांसाठी कलम नव्हते. हरवले म्हणावे तर शोधायला जावे लागले असते. शेवटी दवंडी पिटण्यात आली की, सातव्या भुयारातले तेवीस जण कामावर आहेत, काम लांबले आहे. कामावर असलेल्याच्या नावाने रडणे अशुभ, म्हणून घुशींच्या वस्तीत रडायला मनाई झाली. डोंगर पोखरून उंदीर काढल्याची म्हण इतर राज्यांत असेल. इथे डोंगर पोखरून घुशी आत ठेवल्या.

पुढच्या दीड वर्षात माथ्यावर काही गोष्टी होऊ लागल्या. फळीवरची भांडी आपोआप कडेपर्यंत सरकत. घरट्यातली अंडी, कोणी हात लावलेला नसताना, एकाच बाजूला जमा होत. झोपलेली पिल्ले कूस बदलून कान जमिनीला लावत आणि झोपेतच पंजाने काहीतरी मोजत. आया त्यांना उचलून पाठीवर घेत आणि कोणाला सांगत नसत. हे सगळे लख्ख उजेडात होत होते. पूर्वीसारखा काळोख असता तर भुताखेतांवर ढकलता तरी आले असते.

खडे पुन्हा कमी पडू लागले. आता डोंगरात जो खडा राहिला होता तो फक्त खांबांत होता. खणताना वरचे छत तोलून धरायला म्हणून घुशी जागोजागी जाड खांब सोडत आल्या होत्या, तेच हे खांब. भारद्वाजाने धोरणाला नवे कलम जोडले की आता खांब काढावेत. त्यासाठी बंद पडलेल्या सातव्या भुयाराचे तोंड नियमाप्रमाणे आधी कायमचे चिणून टाकावे लागणार होते आणि चिणण्याआधी आत कोणी नाही असा परीक्षकाचा दाखला हवा होता. तुराजीला पुन्हा बोलावणे आले.

"फार काही नाही," भारद्वाज म्हणाला. "ठोकायचं, नऊ श्वास थांबायचं आणि दाखला द्यायचा. तुमचा तो अहवाल आम्ही अजून रोज वाचतो."

"पण ते तेवीस जण कामावर आहेत ना?" तुराजीने विचारले.

"आहेतच."

"मग आत कोणी नाही असं कसं लिहू?"

"कामावर आहेत असं दरबाराने म्हटलंय," भारद्वाज सौम्यपणे म्हणाला. "आत आहेत असं कुठे म्हटलंय?"

तुराजी खाली उतरला. सातव्या भुयाराच्या तोंडाशी दगडमातीचा ढिगारा होता. त्याच्यापुढे एक चिचुंद्री बसली होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक वयस्क घूस. ही कोंडाई, सटवाची बायको. दीड वर्ष ती रोज इथे येत होती. रडायला बंदी होती, बसायला नव्हती.

तुराजीने ढिगाऱ्यावर चोचीने तीन ठोके मारले. चिचुंद्रीची छाती भराभर उडाली. "नऊ झाले. उत्तर नाही," ती म्हणाली. तुराजीने पंख सावरले.

"पाव्हणं," कोंडाई म्हणाली, "जरा थांबता का? तिचे झाले. माझे व्हायचेत."

"बाई, नियमात..."

"नियमात कुणाचे त्ये मला ठावं हाय. मी थांबा म्हणते, लिवा म्हणत न्हाई."

तुराजी थांबला तो केवळ तिच्या वयाकडे पाहून. कोंडाईने ढिगाऱ्याला कान लावला. तिचा श्वास संथ होता, आत गेला की बराच वेळ बाहेर येत नसे. एक झाला. दोन झाले. चौथ्या श्वासाला तुराजीला आपल्याला भीती वाटते आहे हे कळले, कशाची ते कळले नाही. चिचुंद्रीने तोंड दुसरीकडे फिरवले. आठव्या श्वासाला आतून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

तुराजी दचकून उडाला आणि पाच हात लांब जाऊन बसला. चिचुंद्री हलली नाही. तिला हे रोज ऐकू येत असणार, हे त्याच्या लक्षात आले. तिच्या नोकरीचा त्याला हेवा वाटला नाही.

"दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "आत खायला काय असणार? प्यायला काय?"

"मी काय येडी हाय व्हय, भाऊ?" कोंडाई म्हणाली. "पयले पंधरा दिस ठोके जोरात यायचे, कसंबी यायचे. हात दुखत असतील तसे. मग बंद पडले. म्हैनाभर कायबी न्हाई. मी म्हनलं, सुटले. आन् मग एक दिवशी पुन्यांदा चालू झाले. हे असे. सावकाश, येकसारखे. हे दमल्याल्याचे ठोके न्हाईत. दमायला अंगच ऱ्हायलं न्हाई त्यांना."

तुराजीने ढिगाऱ्याकडे पाहिले. "मग उत्तर देतंय कोण?"

"रिवाजात त्ये इचारत न्हाईत. उत्तर आलं की जागा त्यांची. जित्यानंच उत्तर द्यावं, आसं कुठं सांगितलंय?" तिने कानाची माती झटकली. "आमच्यात मेल्याल्याला मोकळ्या मातीत ठेवत्यात. वर पाऊस पडंल, गवत उगवंल आशा जागी. डोंगराखाली दाबून ठेवत न्हाईत. त्ये आत हाईत तंवर मी बायकूबी न्हाई आन् इधवाबी न्हाई. मला त्यांना भाईर आणायचं हाय, येवढंच. तुमी 'उत्तर आलं' म्हनून लिवा. मग खांब काढता येत न्हाईत, आन् तोंड उघडावं लागतं. त्यांचाच नियम हाय."

तुराजीने पुन्हा ढिगाऱ्यावर ठोकले, मग बाजूच्या कड्यावर, मग आणखी वर. सगळीकडून तोच आवाज आला, खोल, गोल, सुरेख. दोन वर्षांपूर्वी तो ज्याने हरखला होता तोच.

"मी उत्तम लिहिलं होतं," तो म्हणाला.

"ऐकलंय. दरबारात कोरलंय म्हनं."

"आमच्यात पोकळ म्हणजे घर असतं, बाई."

"आमच्यात भरीव म्हंजी घर. भरीव आसंल तर खणता येतं. पोकळात कुणी काय खणायचं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरे वाटले असते. ज्या कानांवर त्याने आयुष्यभर विसंबून पोट भरले त्या कानांची त्याला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. आपण खोटे लिहिले असते तर निदान कोणीतरी संशय घेतला असता, हेही त्याच्या मनात आले. त्याने कोंडाईला दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर दरबारात यायला सांगितले.

सकाळी दरबार भरला. त्या फरशीवर घूस पहिल्यांदाच आली होती. बसलेल्यांनी नकळत पाय वर घेतले. कोंडाई दाराजवळ न थांबता तुराजीच्या मागोमाग थेट राजासमोर जाऊन बसली. तुराजीने अहवाल वाचला. सातव्या भुयारातून उत्तर आले आहे, भुयाराचे तोंड उघडावे, खांबांना हात लावू नये, आणि परीक्षकाचा मागचा अहवाल चुकीच्या समजुतीवर आधारलेला असल्यामुळे तो शिळेवरून पुसून टाकावा. 

भारद्वाजाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "उत्तर कितव्या श्वासाला आलं?"

"आठव्या."

"कोणाच्या आठव्या?"

तुराजीने कोंडाईकडे पाहिले. "घुशीच्या."

दरबारात कोणीतरी खोकले. भारद्वाज हसला नाही, तो कधीच कोणाला हसत नसे. "असू द्या. परीक्षकांनी डोंगर ठोकून पाहिला, तो कसा वाजला?"

"पोकळ."

"आणि दोन वर्षांपूर्वी?"

"पोकळच. पण तेव्हा मला..."

"म्हणजे स्थितीत फरक नाही." भारद्वाज शिळेकडे वळला आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले, "'स्थिती उत्तम.' महाराज, दोन्ही अहवाल एकच सांगतात. इतक्या वर्षांत धोरणाला कुठे तडा गेला नाही, याहून मोठं यश कोणतं?"

गव्याने मान डोलवली.

"महाराज, मान डोलवू नका," तुराजी म्हणाला. राजाशी असे कोणी बोलत नसे. "माझं ऐका. मी सुतारपक्षी आहे, मला पोकळाची भूल पडली. तुमचं वजन आहे. तुम्ही तरी खाली बघा."

गव्याची मान थांबली. त्याने खाली पाहिले, पण फरशी घासूनपुसून स्वच्छ होती. तिथे पाहण्यासारखे काही नव्हते.

"आत कोणी असेलच," भारद्वाज म्हणाला, "तर त्याचीही सोय धोरणात केलेली आहे. कलम अकरा. ज्याची हरकत असेल त्याने स्वतः दरबारात हजर होऊन ती मांडावी. आजवर आतून एकही हरकत आलेली नाही. तेव्हा खांबांचं काम आज..."

ठक. ठक. ठक.

आवाज लांबून आला नव्हता. तो फरशीखालून आला, राजाच्या पुढच्या दोन पायांच्या मधून. या वेळी वरून कोणीही ठोकलेले नव्हते. हे उत्तर नव्हते, ही विचारणा होती. नवी जागा खणण्याआधी, वर कोणाचे घर तर नाही ना हे पाहायला घुशी जे तीन ठोके मारतात, ते हे ठोके होते.

रिवाज सगळ्यांना लहानपणापासून पाठ होता. वरून कोणीही तीनदा पाय आपटला की खालचे थांबतील, माती दाबून बसवतील आणि मागे फिरतील. सटवाला ओळखणाऱ्याला त्याबद्दल शंका नव्हती. गव्याने उजवा खूर उचलला.

"महाराज," भारद्वाज घाईने कुजबुजला. त्याचा आवाज पहिल्यांदाच थोडा चिरका झाला होता. "उत्तर दिलंत तर खाली कोणीतरी आहे, असं दरबारानं मान्य केल्यासारखं होईल."

खूर हवेतच राहिला. दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. आपल्याआधी शेजाऱ्याने पाय आपटावा असे प्रत्येकाला वाटत होते, आणि शेजाऱ्यालाही तसेच वाटत होते. कोपऱ्यातली दरबारची चिचुंद्री सवयीने म्हणाली, "नऊ झाले." खाली काही हालचाल झाली नाही. खाली तिचे श्वास मोजत नव्हते.

तुराजीने मान वाकवली. त्याची चोच फरशीपासून बोटभर अंतरावर होती. माथ्यावरची ती एका बाजूला सरकलेली अंडी आणि झोपेत मोजणारी पिल्ले येता-जाता त्याच्याही नजरेस पडली होती, ती त्याला आठवली. तीन ठोके, एवढेच काम होते, आणि तो जन्मभर तेवढेच काम करत आला होता. पण हे तेवीस जण एकदा मागे फिरले की पुन्हा वर येणार नव्हते. त्याने कोंडाईकडे पाहिले. तिने डोळे मिटले होते आणि तिच्या बरगड्या सावकाश वरखाली होत होत्या.

"पाच," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "भाऊ, दीड वरीस मी ठोकलं. हितलं येकबी आलं न्हाई. ज्यानं त्यानं आपलं बगावं. मी न्हाई उत्तर द्यायची."

तुराजीने चोच मिटून छातीशी घेतली.

"सात."

भारद्वाज दाराकडे पाहत होता. कोणाचाही पाय हलला नाही. दरबारात इतके जण बसलेले असूनही जागा रिकामी वाटत होती.

"आठ," कोंडाई म्हणाली, आणि नववा श्वास घेऊन तिने तो पुरा सोडला.

फरशीखाली पंजे चालू लागले. घाई नव्हती. मुरलेली टोळी खणते तसे आळीपाळीने, एक थकायच्या आत दुसरा, तेवीस जणांचे. कोंडाई उठून आवाज येत होता त्या फरशीपाशी जाऊन बसली. गव्याचा उचललेला खूर अजून हवेतच होता, आणि तो कुठे टेकवावा हे त्याला कोणी सांगत नव्हते.